चार बोटं ढील

मोठी गाणी आमच्या घिवलीपर्यंत कधी आलीच नाहीत. ज्या इंग्रजी गाण्यांवर त्या काळात म्हणे सगळं जग मान हलवत होतं, ती माझ्या भाच्यानं मला अलीकडे फोनवर ऐकवली, आणि मी त्याला म्हटलं, बरी आहेत. आम्ही वाढलो ते दुसऱ्याच गाण्यांवर. त्या लांब केसांच्या, कातडी विजारी घालून गळ्याच्या शिरा ताणणाऱ्या मंडळींची जी गाणी जराशी चालली, चार दिवस रेडिओवर वाजली आणि मग कुणाच्या लक्षातही राहिली नाहीत, ती बरोबर आमच्या घरी येऊन पोचली. याला कारण माझा मोठा भाऊ वसंतदादा. दादा मालवाहू बोटीवर खलाशी होता. परदेशच्या बंदरात उतरला की तो दुकानाच्या आत जायचाच नाही, दाराशी ठेवलेल्या खोक्यातूनच कॅसेट उचलायचा. खोक्यातला माल म्हणजे आईच्या भाषेत दुपारचा बाजार. सकाळी पापलेट, रावस उठतो. ऊन चढल्यावर पाटीत उरतो तो ढोमा. पण म्हणून ढोम्याचं कालवण वाईट होतं असं नाही. करणाऱ्याच्या हाताला चव पाहिजे.

दादाची पेटी उघडायची तेव्हा घरात एक निराळाच वास सुटायचा, साबणाचा, इंजिनाच्या तेलाचा आणि नव्या प्लास्टिकचा. आमच्या घराला मूळचा वास सुकटीचा. अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगलेले, ओटीवर जाळ्यांचे ढीग, चुलीवर तांदळाची भाकरी फुगतेय आणि आई एका हातानं भाकरी उलटत दुसऱ्या हातानं कॅसेटवरचं चित्र डोळ्यांजवळ धरून बघतेय, हे माझ्या मनातलं त्या दिवसांचं चित्र आहे. "हे बापये हायत?" तिनं विचारलं. "यांना नवरीपेक्षा जास्त काजळ! आन केस बघ मेल्यांचे. यांना आया हायत का नाय?" दादा हसून म्हणाला, "आये, यांना हजारो लोक बघाया येतात." आई म्हणाली, "येतील नाय तर काय. असा नग रोज थोडाच दिसतो."

त्या मंडळींची नावं आम्हाला कधी वाचता आली नाहीत. मी शाळेत इंग्रजी शिकत होते, पण कॅसेटवरची अक्षरं विजेसारखी वाकडी, सुऱ्यासारखी टोकदार. मग आम्हीच नावं ठेवली. एक कवटीवाले, एक घोडेवाले, एक मोटरसायकलवाले. काजळवाल्यांचं नाव आईनंच ठेवल्यासारखं झालं. या काजळवाल्यांच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, मधेच कुठं तरी, ते गाणं होतं. सुरुवातीला एकच गिटार, तीन स्वर खाली उतरायची, एकदा वर उडी मारायची, परत खाली. जणू कुणी दार ठोठावतोय आणि आतला माणूस उघडत नाहीये. मग ढोलांचा दणका, आणि मग तो गाणारा जो काही सूर लावायचा, की वळचणीच्या चिमण्या उडून जायच्या. शब्द मला कळत नव्हते आणि कळायची गरजही वाटली नाही. मी तेव्हा अठराची असेन. दहावीनंतर शिक्षण थांबलं होतं, दिवसभर मासळी निवडायची, खारवायची, सुकवायची, आणि कुणी स्थळ घेऊन येईपर्यंत वाट बघायची. त्या गिटारवाल्याला दार उघडून हवं होतं, आणि मलाही. एवढं मला पुरे झालं.

समुद्राकाठच्या हवेत यंत्र टिकत नाही. एका दुपारी गाणं ऐन भरात आलं आणि टेपनं फीत गिळली. चर्र असा आवाज, मग एक घरघर, मग काही नाही. झाकण उघडलं तर आत तपकिरी फितीचा गुंता. मी ओढायला गेले तर ती आणखी चुरगळली. दादा तर बोटीवर परत गेलेला. मी रडकुंडीला आले. ओटीवर बाबा जाळं सांधत बसले होते. बाबा म्हणजे तांडेल माणूस, होडीवर सगळ्यांनी त्यांचा शब्द झेलायचा आणि घरी त्यांनी आईचा झेलायचा. गाण्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, पण तुटलेली दोरी बघितली की त्यांचे हात शिवशिवायचे. "आन हिकडं," ते म्हणाले. त्यांनी फीत मांडीवर पसरली, चुरगळलेला दीड-दोन हातांचा भाग सुरीनं कापून टाकला आणि दोन टोकं चिकटपट्टीनं सांधली. पण टोकाला टोक भिडवलं नाही. मधे चार बोटं मोकळी सोडली, तिथं नुसती पट्टी. मी म्हटलं, "बाबा, मधे जागा राह्यली." ते म्हणाले, "राह्यली नाय, ठेवली. सांध्यात ढील नसली तर ताण आला की पुन्हा तिथंच फाटतं. जाळ्याचं काय, याचं काय, एकच."

जन्मभर जाळी सांधणाऱ्या माणसानं कॅसेट दुरुस्त केली तर ती अशीच होणार. त्या दिवसापासून आमच्या घरचं ते गाणं असं झालं: गाणारा सूर चढवत चढवत जातो, आता फुटणार असं वाटतं, आणि एकदम सामसूम. एक दीर्घ श्वास घ्यावा इतका वेळ काहीच नाही. आणि मग ढोल कोसळतात, नि गाणं शेवटाकडे धावत सुटतं. आधी मला त्याचा राग यायचा. मग सवय झाली. मग अशी वेळ आली की त्या सामसूमीसाठीच मी गाणं लावायची. अंगणात बोंबील टांगणाऱ्या बायकासुद्धा तिथं आल्या की हात वर धरून थांबायच्या आणि ढोल पडले की पुढचा बोंबील दोरीवर फेकायच्या. काम पटापट होतं म्हणायच्या.

आमच्या गावात बेंजो पार्टी होती, पांडूमामाची. पांडूमामा आईचा चुलतभाऊ. बेंजो म्हणजे आपल्याकडे हळदीत, वरातीत वाजतो तो: लाकडी पाट, वर ताणलेल्या पोलादी तारा, आणि टाइपरायटरसारखी बटणं. एका हातानं बटणं दाबायची, दुसऱ्या हातानं तारा छेडायच्या. मामाच्या बेंजोला वीज जोडलेली होती, आणि कर्णा असा की हळद घिवलीत असली तरी ऐकू कांबोड्याच्या वेशीपर्यंत जायची असं तोच सांगायचा. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, लग्नं नसतात, तेव्हा मामाचा बेंजो आमच्या माळ्यावर यायचा, कारण त्याच्या घराला गळती. माळ्यावर मी, बेंजो आणि सुकटीचे कणगे. त्या पावसाळ्यात मी गाणं खाली टेपवर लावायचं, पळत वर जायचं आणि सूर शोधायचा, असा सपाटाच लावला. ते पहिले तीन स्वर मिळवायलाच श्रावण उजाडला. बोटं सोलली, त्यात मासळीचं मीठ जायचं, आग आग व्हायची. आई म्हणायची, "हेमे, बोटं राह्यली तर नवऱ्याला भाकरी वाढशील ना?" मी म्हणायची, "वाढीन की, डाव्या हातानं." पण सोडलं नाही. हट्टी आहे मी, आजही आहे. माझा नवरा तर म्हणतो की हेमाला नको म्हणणं म्हणजे भरतीला नको म्हणणं.

नारळी पुनवेनंतर मामा बेंजो न्यायला आला तेव्हा मी त्याला ते गाणं वाजवून दाखवलं. मामा माळ्याच्या शिडीवर अर्ध्यातच थांबला. पूर्ण ऐकलं, ढिलीसकट. मग म्हणाला, "हे मला शिकव." मी शिकवलं. त्या मोसमात पार्टीनं ते वाजवायला सुरुवात केली आणि गाव वेडं झालं. हळदीत पोरं-बापये-बायका नाचत असायचे, गाणं त्या जागेवर यायचं, मामा तारांवर पंजा ठेवायचा, आणि सगळा मांडव एक हात वर करून दगडासारखा उभा. पाटावर बसलेल्या नवरीचासुद्धा हात वर. मग ढोल. मग जो कल्ला व्हायचा, विचारू नका. आजूबाजूच्या गावातली माणसं मामाला सांगायला यायची, आमच्याकडे ते थांबायचं गाणं पाहिजेच. लोक पांडूच्या बोटांची तारीफ करायचे. मामा मिशीत हसायचा. तो वाईट नव्हता. एकदा मी विचारलं, "मामा, एक दिवस मी वाजवू का मांडवात?" तो दचकलाच. "पोरी मांडवात नाचतात. बेंजोवर बसत नाय. पार्टीला कोन बोलावील मग?" मी मनात गाठ मारली. पारंब्या कुठंही लोंबोत, झाड माझं होतं, आणि ते एकदा तरी सगळ्यांसमोर माझ्या हातानं वाजलं पाहिजे होतं.

मग स्थळ आलं, मुरब्याचं. मुलगा जगदीश, बोयसरला कारखान्यात फिटर, त्याचे वडील मुरब्याचे जुने तांडेल. बघायच्या कार्यक्रमात आम्हाला दोघांना बोलायला ओटीच्या कोपऱ्यात बसवलं. तो माझ्या बोटांकडे बघून म्हणाला, "हे घट्टे कशाचे?" मी सांगितलं. मनात म्हटलं, पळायचं असेल तर आत्ताच पळ. तो म्हणाला, "मला ऐकायला मिळेल?" साखरपुड्यानंतर मी आईबरोबर बोयसरच्या बाजारात गेले, आईनं पाटी मांडली, आणि मी स्टेशनाजवळच्या कॅसेटच्या दुकानात जाऊन काजळवाल्यांची कॅसेट भरून घेतली. दुकानदार उत्तरेकडचा. कानाला हेडफोन लावून ऐकत होता, मधेच म्हणाला, "बहनजी, इसमें बीच में आवाज़ कट जाता है." मी म्हटलं, कटने दो. ती कॅसेट जगदीशच्या हातात पडली आणि पुढच्या वेळी मुरब्याहून जो कोणी आला त्यानं आम्हाला सांगितलं, की जावईबापू कामावरून आले की तेच लावतात, रविवारी तर दिवसभर, आणि म्हातारे तांडेल म्हणतात, या केसाळांच्या बोंबेनं माझं घर सोडून मलाच होडीत झोपायला लागणार.

लग्नाची तारीख ठरल्यावर मी घरात जाहीर केलं. माझ्या हळदीत ते गाणं मी वाजवणार. पांडूमामानं पार्टी आणावी, पण त्या एका गाण्याला बेंजोवर मी.

बाबांच्या हातातली जाळ्याची सुई थांबली. "हळद लागलेल्या पोरीनं पाटावरनं उठायचं नसतं, कामाला हात लावायचा नसतो. मुरब्याची मानसं उष्टी हळद घेऊन येनार, त्यांच्यासमोर तू बेंजो बडवनार? लगीन मोडंल, हेमे." मी म्हटलं, "मोडलं तर मोडू द्या. नाय वाजवलं तर मी पाटावर बसनारच नाय." आजवर मी बाबांना असं उत्तर दिलं नव्हतं. बाबा म्हणाले, "बाईच्या जातीनं चारचौघांत..." आणि इथं त्यांनी चूक केली, कारण आई चुलीपाशी होती. आई बाहेर आली. "चारचौघांत काय वो? मी रोज बोयसरच्या बाजारात शंभर मानसांत बोंबलून बोंबील इकते, तवा तुमची लाज कुठं जाते? त्या पैशांनी होडीचं डिझेल घेताना नाय आली लाज?" बाबा सुई उचलून परत जाळ्यात घालू लागले. बराच वेळ त्यांना भोकच सापडेना. शेवटी म्हणाले, "मला इचारू नका. जनाकाकीला इचारा."

जनाकाकी म्हणजे गावची धवलारीण. देव बसवण्यापासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला गाणी म्हणून लग्न लावून देणारी बाई. आमच्याकडे तिच्या शब्दाशिवाय मांडवात पान हलत नसे. आणि तिचं बेंजोशी उभं वैर. तिनं धवले म्हणायला तोंड उघडलं की इकडे पांडूमामाचा कर्णा सुरू व्हायचा, आणि काकीचा आवाज त्यात बुडून जायचा. म्हणजे मला ज्या बाईची परवानगी पाहिजे होती, तिच्याच गळ्यावर माझ्या गाण्याचा पाय होता. मी तिच्याकडे गेले तेव्हा ती ओट्यावर जवळा पाखडत होती. माझं सगळं ऐकून घेतलं, सूप थांबवलं नाही. मग म्हणाली, "त्या डबड्यानं माझी गानी खाल्ली. आन तू त्याच्यासाठी माझ्याच दारात आलीस?" मी म्हटलं, "काकी, तुमी नाय म्हना, मी ऐकनार नाय. पन तुमी हो म्हनालात तर बरं वाटंल." तिनं माझ्याकडे वर पाहिलं. "मांडवात बघू," एवढंच म्हणाली. म्हणजे हो की नाही, कुणाला कळलं नाही. आईला वाटलं नाही. मी गाणं रोज वाजवत राहिले.

हळदीच्या दिवशी अंगणात मांडव, मधे उंबराची डहाळी, बायकांनी सकाळपासून जात्यावर दळलेली हळद, एकीकडे मोठ्या टोपात मटण शिजतंय, दुसरीकडे वड्यांचं पीठ आंबलंय. दुपार कलताना मला पाटावर बसवलं. अंगाला हळद लागली, तेल लागलं, आणि आमच्या रिवाजाप्रमाणे हातात लोखंडी अडकित्ता दिला. हळद लागलेल्या नवऱ्या-नवरीला वारं-वावदान लागू नये म्हणून हातात लोखंड हवं असतं, आणि हळद उतरेपर्यंत ते खाली ठेवायचं नसतं. तेवढ्यात मुरब्याचा टेम्पो आला. जगदीशच्या बहिणी, काक्या, उष्ट्या हळदीची वाटी, आणि सगळ्यांच्या मागून पांढऱ्या टोपीत स्वतः म्हातारे तांडेल. त्यांना खुर्ची दिली. सोडा दिला. ते कर्ण्याकडे असे बघत होते की जणू तो चावेल.

मुरब्याची हळद मला लागली, आणि पांडूमामानं त्या तीन स्वरांना हात घातला. मी उभी राहिले. मांडवात एकदम गलबला. कुणी तरी ओरडलं, बस, बस खाली. मामानं वाजवायचं थांबवलं. मी म्हटलं, "मामा, उठ. मी वाजवनार." माझी आत्या पदर तोंडात घालून उभी. जगदीशच्या मोठ्या काकीनं बाबांना विचारलं, "तांडेल, तुमच्याकडं अशी पद्धत हाय?" बाबा मांडवाच्या खांबाशी सरकले. मग म्हातारे तांडेल खुर्चीतून म्हणाले, शांतपणे, पण मांडवभर ऐकू जाईल असं, "आमच्याकडं तरी नाय. हळदीच्या पोरीनं हातातलं लोखंड खाली ठेवलं तर ते आमी शुभ मानत नाय." सगळ्यांनी माझ्या हातातल्या अडकित्त्याकडे पाहिलं. तो ठेवल्याशिवाय बेंजो वाजणार नव्हता, आणि तो ठेवायचा तर नव्हता. मी इतक्या महिन्यांत सगळ्यांची उत्तरं तयार केली होती, फक्त याचं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, रागाचंच.

तेव्हा जनाकाकी उठली. कमरेवर हात ठेवून सावकाश बेंजोपाशी गेली आणि त्याच्याकडे वाकून बघितलं, जशी ती बाजारात मासा ताजा आहे का ते बघायची. "पांडू, या तारा कसल्या रे?"

"पोलादाच्या, काकी."

"पोलाद म्हंजे लोखंडच ना?"

"हा, लोखंडच."

काकी माझ्याकडे आली, माझ्या हातातला अडकित्ता काढून स्वतःच्या कमरेला खोचला, मला हाताला धरून बेंजोपाशी बसवलं आणि माझा पंजा तारांवर ठेवला. मग मुरब्याच्या मंडळींकडे वळली. "झालं? पोरीच्या हातात लोखंड हाय. अडकित्त्यापेक्षा जास्तच हाय. मांडव माझा, आन माझ्या मांडवात मी सांगते ते शास्तर." त्यावर कोण बोलणार? मग ती मामाकडे वळली. "आन पांडू, याच्या बदल्यात आजपासून माझे धवले संपल्याशिवाय हा कर्णा उघडायचा नाय. हाय कबूल?" मामानं सगळ्यांदेखत मान हलवली. मला तेव्हा कळलं, ती त्या दिवशी 'मांडवात बघू' का म्हणाली होती. माझं अडलं होतं ते खरं, पण तिनं आपलंही त्याच जाळ्यात ओढून घेतलं.

आणि मी वाजवलं. बोटं हळदीनं नि तेलानं माखलेली, बटणं निसटायची. पहिल्या तीन स्वरांतला तिसरा चुकला. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा बरोबर. माझ्या मागे ढोल आले, ताशा आला, आणि मग मला मांडव दिसेनासा झाला. काजळवाल्यांचा तो माणूस जिथं किंचाळत वर चढायचा, तिथं मी तारांवर असा हात चालवला की पांडूमामानं नंतर सांगितलं, त्याला वाटलं तार तुटणार. आमच्या गावच्या बायका नाचायला उतरल्या, आई उतरली, भाकरीच्या पिठाचे हात तसेच. मुरब्याच्या पोरीही ओढल्या गेल्या. मी चढवत गेले, चढवत गेले, आणि त्या जागी आल्यावर तारांवर पंजा आपटला.

सामसूम. आमचं सगळं गाव एक हात वर करून उभं. मुरब्याच्या पाहुण्यांना काय माहीत! ते तसेच नाचत, टाळ्या पिटत राहिले आणि मग चूक झाली असं वाटून एकमेकांकडे बघायला लागले. आणि त्या पाहुण्यांच्या मधोमध, खुर्चीत बसलेल्या पांढऱ्या टोपीतल्या माणसाचा उजवा हात सरळ वर होता. अगदी वेळेवर. डोळे मिटलेले.

आधी माझ्या आईला दिसलं. तिचं हसू फुटलं, मग जनाकाकीचं, मग सगळ्या मांडवाचं. म्हाताऱ्यांनी डोळे उघडले, आपल्याच हाताकडे बघितलं, पण खाली घेतला नाही. "हसताय काय?" ते म्हणाले. "घरात दिवसरात्र दुसरं काय लावतो तो पोरगा? मला पाठ झालं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "थांबलीस का ग पोरी? आता ढोल पडतात ना?"

मी पंजा उचलला. ढोल पडले. बाबा मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते, त्यांनी तोंड पलीकडे वळवलं आणि उपरण्यानं डोळे पुसले. नंतर म्हणाले, धूर गेला. चूल वाऱ्याच्या त्या बाजूला नव्हती.

ती कॅसेट कधीच गेली. फितीला बुरशी आली, मग टेप गेला, मग बाबा गेले. सासरे तर त्याआधीच. मुरब्याला आल्यावर मी आणखी कितीतरी हळदी वाजवल्या, आणि पहिल्यांदा धवले, मग बेंजो, हा जनाकाकीचा नियम मी तिथेही लावला. पण ती गोष्ट निराळी. परवा वसंतदादाचा मुलगा आला होता. त्यानं फोनमध्ये शोधून शोधून ते गाणं काढलंच. म्हणाला, "आत्या, हे तर किरकोळ गाणं आहे गं. त्या काळच्या गाजलेल्या गाण्यांच्या यादीत तळाला कुठं तरी थोडे दिवस होतं. त्या बँडच्या चाहत्यांनासुद्धा आठवत नाही." मी म्हटलं, "नसेल आठवत. त्यांच्याकडे कुठं हळदीत वाजलं?" मोठ्या गाण्याला काय, सगळी दुनिया वाजवते. अशा गाण्याला कुणीतरी आपलं म्हणावं लागतं, हात सोलून घ्यावे लागतात, तेव्हा ते जगतं. मला त्याची कीव येत नाही. माझ्या आयुष्याएवढं तरी ते नक्की जगलं.

त्यानं ते लावलं. मी आणि जगदीश ओटीवर झोपाळ्यावर बसलो होतो. तेच दार ठोठावणं, तेच ढोल, तोच सूर चढत, चढत गेला. आणि मग बाबांनी सुरीनं कापून टाकलेला दीड-दोन हातांचा तुकडा, जो मी कधीच विसरले होते आणि जगदीशनं जन्मात ऐकला नव्हता, तो सुरू झाला. कोणी तरी काही तरी गात होतं, चांगलंच गात असेल. भाचा आमच्याकडे बघत राहिला. "आत्या, काय झालं?"

काही नाही. गाणं पुढे गेलं होतं. आम्ही दोघं मात्र एक हात वर करून तिथंच थांबलो होतो, ढोल पडायची वाट बघत.